शेष, केशा, रामजी आणि किसना: अल्पखर्ची मराठी चित्रपटांतील मनोविकार आणि श्रद्धा

मनोविकार मनात जन्मत असला, तरी त्याला नाव मिळते ते घरात आणि गावात. एखाद्या तरुणाला आजूबाजूला कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले, की मानसोपचारतज्ज्ञ त्याला भास म्हणतात, म्हणजे बाहेर काही कारण नसताना इंद्रियांना आलेला अनुभव. घरातील वडीलधारी माणसे त्यालाच बाहेरची बाधा म्हणतात. आणि तो अनुभव पुरेसा शांत व मंगल वाटला, तर शेजारीपाजारी त्याला साक्षात्कारही म्हणतात. यांपैकी कोणते नाव आधी चिकटते यावर त्या तरुणाचे पुढचे आयुष्य बरेचसे ठरते, कारण नावाबरोबर उपायाची वाटही निश्चित होत जाते. गेल्या सुमारे २० वर्षांत मराठीत तयार झालेल्या काही चित्रपटांनी नेमका हाच प्रदेश आपला मानला. मोठ्या निर्मितीसंस्थांचे भांडवल, नामांकित तारे आणि हमखास चालणारी कथा या तिन्हींवाचून, संस्थांच्या, मित्रांच्या किंवा स्वतःच्या पैशांवर उभ्या राहणाऱ्या अशा चित्रपटांना स्वतंत्र चित्रपट म्हणतात. त्यांतील उत्तम कृतींनी श्रद्धेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही आणि तिला वैद्याच्या खुर्चीतही बसवले नाही. आजारी माणूस आणि त्याचे घर ज्या भाषेत विचार करतात त्या भाषेचा एक भाग म्हणून त्यांनी श्रद्धेकडे पाहिले, आणि हेच त्यांचे सर्वांत मोलाचे काम आहे.

वऱ्हाडातील वाचकाला हा विषय परका नाही. अकोल्यापासून सुमारे २० किलोमीटरवर असलेले बार्शीटाकळी हे तालुक्याचे गाव कालंका देवीच्या बाराव्या शतकातील हेमाडपंती मंदिरासाठी ओळखले जाते. या परिसरातील एखाद्या घरात कोणाचे मन बिघडले, तर त्या घरापुढे दोन वाटा असतात. एक वाट अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाकडे आणि आजार फारच बळावला तर सुमारे २५० किलोमीटरवरील नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे जाते. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी येथील रुग्णालयांसह राज्यातील जुन्या चार शासकीय मनोरुग्णालयांपैकी हे एक, आणि साऱ्या विदर्भाचा भार त्याच्यावर आहे. दुसरी वाट घरच्या देवापासून सुरू होते आणि नवस, अंगारा, ताईत, भगत असे टप्पे घेत अनेकदा बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यापर्यंत पोचते. होळीच्या सुमारास तेथे भरणाऱ्या यात्रेला हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांतील कुटुंबे आपल्या मनोरुग्ण नातेवाइकांना घेऊन येतात. पुष्कळ घरे या दोन्ही वाटा आलटून पालटून चालतात. त्यांना त्यात विसंगती वाटत नाही, आणि ती वाटत नाही ही गोष्ट समजून घेतल्याखेरीज या विषयावर प्रामाणिक चित्रपट करता येत नाही.

वऱ्हाडाच्या धर्मपरंपरेने वेड आणि देवत्व यांच्यातील सीमारेषा कधीच फार ठळक ठेवलेली नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात वावरलेले, महानुभाव पंथात ईश्वरावतार मानले गेलेले गोविंदप्रभू हे लोकव्यवहाराच्या दृष्टीने विक्षिप्त, मनस्वी, वेड्यासारखे वागणारे पुरुष होते आणि म्हाइंभटांच्या ‘ऋद्धिपुरलीळा’ या ग्रंथाने त्यांचे हे वर्तन न लपवता, भक्तिभावाने नोंदवले आहे. शेगावला १८७८मध्ये प्रकटलेले गजानन महाराज उष्ट्या पत्रावळीवरील अन्नकण वेचून खाताना प्रथम दिसले, अशी भक्तांची श्रद्धा आहे. त्या क्षणी पाहणाऱ्याला ते वेडे वाटावेत असेच ते दृश्य आहे. याच मातीत दुसरी, तितकीच जिवंत परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून नवस, कोंबड्या-बकऱ्यांचे बळी आणि मांत्रिकांवरील भरवसा यांवर आयुष्यभर प्रहार केले, आणि यावलीच्या तुकडोजी महाराजांनी खेड्यांना भुताखेतांच्या भयातून बाहेर काढण्याचे काम भजनाच्या वाटेनेच केले. देवाचे नाव घेत अंधश्रद्धेवर घाव घालणारी ही माणसे वऱ्हाडाने संत म्हणून स्वीकारली. त्यामुळे येथे श्रद्धा एका बाजूला आणि विवेक दुसऱ्या बाजूला अशी सरळ मांडणी टिकत नाही.

आधुनिक मानसोपचारशास्त्रही आता ही मांडणी इतक्या सरळपणे करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२पासून लागू झाली. या आवृत्तीनुसार अंगात येण्याची अवस्था विकार ठरण्यासाठी ती व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध यावी लागते, तिच्यामुळे व्यक्तीला त्रास व्हावा लागतो आणि त्या व्यक्तीच्या समाजाच्या धार्मिक किंवा सांस्कृतिक आचारात ती बसणारी नसावी लागते. म्हणजे नवरात्रात देवीपुढे घुमणाऱ्या बाईला शास्त्र आपोआप रुग्ण ठरवत नाही. तिची झोप उडाली, खाणे सुटले, कामधाम थांबले, तिला स्वतःचा किंवा इतरांचा जीव घ्यावासा वाटू लागला, तर मात्र तेथे डॉक्टर लागतो. ही सूक्ष्म ओळख पटवण्यासाठी नियम अपुरे पडतात. माणूस जवळून आणि पुरेसा वेळ पाहावा लागतो, आणि चित्रपटाला हे चांगले साधते.

जागतिक चित्रपटात या विषयाची परंपरा जुनी आहे. डेन्मार्कचे कार्ल ड्रायर यांच्या ‘ऑर्डेट’ (१९५५) या चित्रपटातील योहानेस स्वतःला ख्रिस्त समजतो, घरातील सगळे त्याला वेडा समजतात, आणि शेवटी त्याच घरात असे काही घडते की ज्यांना शहाणे म्हणावे त्यांची श्रद्धा किती पातळ आहे हे उघडे पडते. स्वीडनचे इंगमार बर्गमन यांनी ‘थ्रू अ ग्लास डार्कली’ (१९६१) या चित्रपटात केवळ चार पात्रे आणि बेटावरील एक घर एवढ्याच सामग्रीवर छिन्नमनस्कतेची, म्हणजे स्किझोफ्रेनियाची, कथा सांगितली. त्यातील कारीन भिंतीआडून देव येईल म्हणून वाट पाहते आणि येतो तो तिला कोळ्याच्या रूपात दिसतो. भारतात सत्यजित राय यांचा ‘देवी’ (१९६०) या सगळ्यांहून आपल्याला जवळचा आहे. सासऱ्याला स्वप्न पडते की सून दयामयी साक्षात कालीचा अवतार आहे. तिला चौरंगावर बसवले जाते, लोक रांगा लावतात, आजारी मुलाला डॉक्टरऐवजी तिच्या मांडीवर ठेवले जाते, मूल दगावते आणि दयामयीचे मन कायमचे ढळते. येथे आजार श्रद्धेतून उपजतो, आणि तो ज्याच्या श्रद्धेतून उपजतो त्याला होत नाही. ज्या सतरा वर्षांच्या मुलीला कोणी काही विचारलेच नाही तिला होतो. शर्मिला टागोर यांच्या चेहऱ्यावरील तो गोंधळ, आपण खरोखर देवी आहोत की काय ही तिला पडलेली शंका, भारतीय चित्रपटातील मानसिक छळाचे सर्वांत अचूक चित्रण आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

मराठीत या वाटेवर सर्वांत सातत्याने चालल्या त्या सुमित्रा भावे आणि त्यांचे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकर. भावे मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक; पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले होते आणि संशोधनाचे निष्कर्ष ज्यांच्याविषयी ते काढले त्या बायकांपर्यंत पोचावेत, या गरजेतून त्या १९८५मध्ये ‘बाई’ या लघुपटाकडे वळल्या. चित्रपटाकडे येण्याचा त्यांचा हा मार्गच त्यांच्या पुढच्या कामाचे गुण आणि दोष दोन्ही समजावून देतो. प्रश्न आधी समजून घ्यायचा, ज्यांना तो भोगावा लागतो त्यांच्यात बसायचे, आणि मग कथा रचायची, ही पद्धत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांचा ‘देवराई’ (२००४) हा छिन्नमनस्कतेवरील चित्रपट कसा उभा राहिला, हे पाहिले की अल्पखर्ची चित्रपटांच्या अर्थकारणाचे एक वैशिष्ट्य ध्यानात येते. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्वतःच्या घरात हा आजार पाहिला होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला आणि या आजारावर चित्रपट व्हावा म्हणून पाठबळही दिले. म्हणजे ज्याला दुःख ठाऊक, त्यानेच पैसा उभा केला. नफ्याची अपेक्षा नसलेल्या अशा पैशामुळे दिग्दर्शकांना खलनायक, भूत किंवा चमत्कारिक बरे होणे यांपैकी काहीच दाखवावे लागले नाही. मात्र त्याची एक किंमतही असते. प्रबोधनासाठी पैसा देणाऱ्याला माहिती पोचायला हवी असते, आणि ‘देवराई’तील काही संवाद पात्रांचे न वाटता माहितीपत्रकाचे वाटतात, हे चित्रपटाच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे.

तरीही ‘देवराई’ टिकून आहे तो त्याच्या मध्यवर्ती कल्पनेमुळे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. त्यातील झाड तोडायचे नाही, वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, असा गावाचा दंडक असतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील अशा राया अभ्यासल्या आणि श्रद्धेने राखलेल्या या तुकड्यांमध्ये दुर्मीळ वनस्पती कशा टिकून राहिल्या आहेत हे दाखवून दिले. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष हा कोकणातील बुद्धिमान तरुण गावाच्या देवराईत जीव गुंतवतो, तिचा नाश होणार या चिंतेने पछाडला जातो आणि हळूहळू त्याला कोणालाच न ऐकू येणारे आवाज ऐकू येऊ लागतात. त्याची बहीण, सोनाली कुलकर्णी यांची सीना, त्याला शहरातील आपल्या संसारात घेऊन येते, आणि चित्रपटाचा खरा भार तिच्या खांद्यावर येतो. शेषचे मन आणि देवराई यांची सांगड येथे अशी घातली आहे की दोन्ही घनदाट आहेत, दोन्हींत बाहेरच्याला वाट सापडत नाही आणि दोन्हींचा समतोल बाहेरच्या हस्तक्षेपाने बिघडू शकतो. श्रद्धा आणि आजार एकाच रानात उगवलेले दाखवणे हे धाडसाचे होते. रान राखणारी श्रद्धा वाईट ठरत नाही, आणि तरीही त्या रानाने शेषला बरे केले असेही चित्रपट म्हणत नाही. त्याला औषध लागते, बहीण लागते आणि त्याच्याशी रुग्ण म्हणून न वागता माणूस म्हणून वागणारे घर लागते.

छिन्नमनस्कता जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ती बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होते, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्न या तिन्हींच्या तोंडावर, आणि म्हणूनच खेड्यात तिच्याकडे ‘लग्न करून दिले की ठिकाणावर येईल’ अशा नजरेने पाहिले जाते. १९५२मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आल्यापासून तिच्यावर उपचार होऊ शकतात. ते अनेकदा दीर्घकाळ घ्यावे लागतात आणि गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो. गोळ्या सुटण्याचे एक नेहमीचे कारण असे असते, की थोडे बरे वाटले की घर त्याचे श्रेय नवसाला देते. या साध्या, रोज घडणाऱ्या गोष्टीवर आधारलेला प्रसंग चित्रपटांत फारसा दिसत नाही, याची खंत वाटते.

शेषच्या शेजारी ठेवून पाहावा असा दुसरा तरुण ‘देऊळ’ (२०११) या उमेश कुलकर्णी यांच्या चित्रपटातील केशा होय. गिरीश कुलकर्णी यांनी लिहिलेल्या आणि साकारलेल्या या भोळ्या गुराख्याला करडी गाय शोधताना, रणरणत्या उन्हात, औदुंबराखाली दत्ताचे दर्शन घडते. शेषला जे ऐकू येते त्याचा आजार होतो, केशाला जे दिसते त्याचे देऊळ होते. दोघांच्या अनुभवात वैद्यकीय अंतर मोठे आहे, कारण केशाचा अनुभव एकदाच येतो, त्याला त्रास देत नाही आणि त्याचे काम थांबवत नाही, पण समाजाने दोघांना दिलेल्या वागणुकीतले अंतर त्याहून मोठे आहे. दिलीप प्रभावळकरांचे अण्णा, गावातील ते एकमेव जाणते गृहस्थ, केशाच्या अनुभवाची थट्टा करत नाहीत. तो तुझा आहे, तुझ्यापाशीच ठेव, अशा अर्थाचा त्यांचा सल्ला असतो. गाव मात्र त्या अनुभवावर दुकाने, राजकारण आणि रस्त्याचे कंत्राट उभे करते. ‘देऊळ’ मनोविकारावरील चित्रपट नाही आणि त्याचा खर्चही येथे चर्चिलेल्या इतर चित्रपटांहून अधिक असणार. परंतु एका माणसाच्या मनातील खाजगी अनुभव सार्वजनिक झाला की त्याचे काय होते, हे त्याने जितके स्पष्ट दाखवले तितके क्वचितच दुसऱ्या मराठी चित्रपटाने दाखवले. ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सुवर्णकमळ मिळाले.

या विषयातील सर्वांत परिपक्व मराठी कृती मात्र ‘दिठी’ ही आहे. सुमित्रा भावे यांनी एकटीने दिग्दर्शित केलेला हा त्यांचा अखेरचा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभराने, मे २०२१मध्ये, ओटीटीवर म्हणजे इंटरनेटवरील चित्रवाहिनीवर प्रदर्शित झाला. दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवर तो बेतलेला आहे. किशोर कदम यांचा रामजी हा लोहार ३० वर्षे न चुकता पंढरीची वारी करणारा माणूस. त्याचा तरुण मुलगा पुरात वाहून जातो आणि त्याच सुमारास सुनेला मुलगी होते. ज्याच्या पायी इतकी वर्षे चालत गेलो त्यानेच हे का केले, या प्रश्नाशी रामजी अडतो. तो नातीकडे पाहत नाही, बोलत नाही, सुनेला समोर येऊ देत नाही. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि सोबतचे वारकरी ज्ञानदेवांची पोथी उघडून बसलेले असतात. त्यांना त्याच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसते, पण ते उठून जात नाहीत.

रामजीला आजारी म्हणावे का, हा प्रश्न ‘दिठी’ विचारत नाही, आणि तो न विचारण्यातच तिचे शहाणपण आहे. प्रियजनाच्या मृत्यूनंतरचा शोक हा आजार नव्हे, हे मानसोपचारशास्त्रालाही मान्य आहे. तो सहा महिन्यांहून अधिक काळ, समाजाच्या रीतीपेक्षा फार पलीकडे रेंगाळला आणि त्याने माणसाचे जगणे मोडून टाकले, तरच नव्या वर्गीकरणात त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हटले जाते. रामजीचा शोक ताजा आहे, म्हणून त्याला वैद्याची गरज नाही. त्याला सोबत हवी आहे, आणि वारीने ती आधीच निर्माण करून ठेवली आहे. शेवटी अडलेल्या गाईची सुटका करण्यासाठी त्याला बोलावणे येते, कारण गावात ते कसब त्याच्याच हातात आहे. वासरू सुखरूप बाहेर येते आणि रामजीच्या हातांना जे कळते ते त्याच्या बुद्धीला मागाहून कळते. कोणी उपदेश करत नाही, विठ्ठल प्रकट होत नाही. श्रद्धा येथे उत्तर म्हणून परत येत नाही, दृष्टी म्हणून येते. एक गाव, थोडी घरे, पाऊस, कंदिलाचा उजेड आणि किशोर कदम यांचा चेहरा इतक्याच सामग्रीवर हे सगळे घडते. अधिक पैसा असता तर पूर दाखवण्याचा मोह झाला असता, आणि पूर दिसला असता तर रामजी दिसला नसता.

‘दिठी’चे निर्माते डॉ. मोहन आगाशे हे अभिनेते म्हणून सर्वांना परिचित असले, तरी ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे ते संचालक होते. भावे-सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ आणि ‘कासव’ या चित्रपटांमागेही ते उभे राहिले. ‘अस्तु’त ते स्वतः स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताच्या भूमिकेत आहेत; ज्ञानाने भरलेली ही स्मृती रिकामी होत जाते आणि अखेर एका हत्तीच्या मागे चालत गेलेल्या या वृद्धाला माहुताच्या बायकोत, अमृता सुभाष यांच्या चन्नम्मात, आई दिसते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कासव’ (२०१६) नैराश्याविषयी आहे. आत्महत्येचा प्रयत्न करून भटकणारा तरुण, आलोक राजवाडे यांनी साकारलेला, इरावती हर्षे यांच्या जानकीला सापडतो. तिने स्वतः नैराश्य भोगलेले असते, म्हणून ती त्याला प्रश्न विचारत नाही, घर देते. पाठीमागे कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचे काम चालू असते. येथे देव नाही. जे काही श्रद्धेच्या जागी आहे ते म्हणजे अनोळखी जीव जगावा म्हणून रात्रभर जागण्याची तयारी. ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले, तरीही चित्रपटगृहांत त्याला मोजकेच खेळ मिळाले, हे स्वतंत्र चित्रपटांच्या वाट्याला नेहमी येणारे दुर्दैव होय.

या साऱ्या चित्रपटांना एक मर्यादा आहे आणि ती वऱ्हाडातून पाहिल्यावर चटकन दिसते. शेष कोकणातला, त्याची बहीण शहरातली. ‘अस्तु’चे पंडित आणि ‘कासव’ची जानकी सुशिक्षित, डॉक्टरपर्यंत सहज पोचणाऱ्या थरातली. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातील कर्जबाजारी घर, जिथे नैराश्याला नैराश्य म्हणण्याची सोयच नाही, ते यांत नाही. ते प्रथम ठसठशीतपणे आले सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटात. वऱ्हाडी बोलीत बोलणाऱ्या या चित्रपटात शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यानंतर अलकाला, म्हणजे सोनाली कुलकर्णी यांना, आपल्या नवऱ्याच्या गप्प राहण्याची धास्ती वाटू लागते. ती किसनाला गोडधोड करून घालते, लहान मुलाला त्याच्या मागे मागे पाठवते, आणि गिरीश कुलकर्णी यांचा किसना या अचानक वाढलेल्या लाडाने चक्रावतो. किसना आजारी आहे की नाही हे चित्रपट कधीच सांगत नाही. भीती त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला अधिक खाते. पावसावरची श्रद्धा ही येथली एकमेव श्रद्धा आहे, आणि ती दरवर्षी फसवते.

किसनाच्या घराला वास्तवात कोणती मदत मिळू शकते, हे पाहणे गरजेचे आहे. केंद्र शासनाने २००६मध्ये आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातील जे सहा जिल्हे मदतीसाठी निवडले, त्यांत अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा हे होते. पुढे राज्य शासनाने विदर्भ आणि मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. विदर्भातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाने त्याहून महत्त्वाची एक गोष्ट सिद्ध केली: गावातीलच माणसांना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून नैराश्य ओळखणे, बोलणे आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टरकडे पाठवणे ही कामे करून घेतली, तेव्हा नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढले. हे निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वाढली ती ओळखीच्या माणसाशी बोलण्याची सोय. अलकाच्या शेजारात असे एखादे माणूस असते, तर तिला मुलाला बापाच्या पाळतीवर ठेवावे लागले नसते.

श्रद्धास्थानांचे क्रूर रूपही विसरता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एर्वाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेल्या २०हून अधिक मनोरुग्णांना पळताही आले नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची तरतूद केली आहे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच क्रमांकावर भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे प्रकार गुन्हा म्हणून नोंदले आहेत. त्याच कायद्याने पूजाअर्चा, यात्रा, वारी, कीर्तन यांना हात लावलेला नाही. श्रद्धा आणि छळ यांच्यामध्ये कायद्याने ओढलेली ही रेषा पटकथाकारांनी अभ्यासावी इतकी नेमकी आहे.

कारण श्रद्धास्थानात सगळाच छळ नसतो. तमिळनाडूतील एका मंदिरात राहण्यास आलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी बंगळुरूच्या मानसोपचारतज्ज्ञांनी केली होती. २००२मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णांच्या लक्षणांत जवळजवळ २० टक्क्यांनी घट दिसली, आणि त्याचे कारण संशोधकांनी तेथील आपुलकीच्या, धाकदपटशा नसलेल्या वातावरणात पाहिले. गुजरातमधील उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८पासून ‘दवा आणि दुवा’ या कार्यक्रमात मुजावर दुवा देतात आणि त्याच आवारात डॉक्टर गोळ्याही देतात. दर्ग्यातील मुजावरांनीच रुग्णांना डॉक्टरकडे पाठवायला सुरुवात केली, ही त्यातील सर्वांत बोलकी बाब. सैलानीच्या यात्रेत घडू शकेल अशी एखादी मराठी कथा या धर्तीवर कोणी लिहिली, तर तिच्यात भगत खलनायक होण्याची गरज पडणार नाही आणि डॉक्टरला देवदूतही व्हावे लागणार नाही.

असा चित्रपट झालाच, तर तो बार्शीटाकळीपर्यंत पोचणार कसा, हा प्रश्न उरतो. स्वतंत्र चित्रपटांच्या इतिहासात याची उत्तरे आहेत. अमेरिकेचे जॉन कॅसाव्हेट्स यांनी मानसिक विकाराने कोलमडलेल्या गृहिणीवरील ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ (१९७४) हा चित्रपट घर गहाण टाकून केला आणि वितरक मिळेना तेव्हा स्वतःच गावोगावी पोचवला. आपल्याकडे डॉ. आगाशे यांनी ‘अस्तु’ आणि ‘कासव’ यांचे खेळ महाविद्यालये आणि संस्थांमधून घडवून आणले आणि प्रत्येक खेळानंतर प्रेक्षकांशी चर्चा ठेवली. हा मार्ग वऱ्हाडात सर्वांत परवडणारा आहे: तालुक्याच्या शाळेचे सभागृह, एक प्रोजेक्टर, एक पडदा, आणि खेळानंतर व्यासपीठावर अकोल्याचा एखादा मानसोपचारतज्ज्ञ आणि त्याच्या शेजारी गावात ज्याचा शब्द मानला जातो असा एखादा कीर्तनकार. पहिला प्रश्न बहुधा चित्रपटाविषयी नसेल. गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतात, आणि त्या चालू असताना नवस फेडायला गेले तर चालते का, असा तो असेल. त्याचे पहिले अर्धे उत्तर डॉक्टरने द्यायचे आहे आणि दुसरे कीर्तनकाराने.